न जुळणारी पावले

“कै. बाबाजी सकपाळ हे लष्कराच्या बँडमध्ये नोकरीस होते. त्यांनी प्रत्यक्ष लढाई पाहिली होती, असे मानण्यास आधार सापडत नाही. त्यांच्याजवळ क्लॅरिनेट असे. परंतु ते वाजवताना चाळीत त्यांना कोणी ऐकले नाही. महाराष्ट्र झाल्याच्या आनंदाच्या मिरवणुकीत त्यांना पावलाशी पाऊलही जुळवता आले नाही, हे अनेकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. आंदोलनाच्या दिवसांत प्रस्तुत लेखकाला गोळी लागली, तेव्हा चाळीतील तरुणांनी त्याला खांद्यावर घालून इस्पितळात पोचवले. त्या प्रसंगी हे ‘लढवय्ये’ कोठे होते, ते कोणी सांगू शकत नाही.”

मी सांगू शकतो.

वरील मजकूर आमच्या गिरगावातल्या चाळीच्या स्मरणिकेत छापून आला आहे. चाळ आता नाही. तिच्या जागी उभ्या राहिलेल्या उंच इमारतीच्या प्रवेशद्वाराशी एक संगमरवरी शिळा बसवायची, तिच्यावर चाळीच्या नामवंतांची नावे कोरायची, असे ठरले आहे. गायक, वकील, मुख्याध्यापक अशी नावे यादीत आहेत. शेवटून दुसरे नाव बाबाजीरावांचे होते. मागल्या महिन्यात जुन्या भाडेकरूंच्या मेळाव्यात विनायकरावांनी हा लेख व्यासपीठावर उभे राहून वाचला, लोकांनी टाळ्या दिल्या, आणि त्या टाळ्यांतच ते नाव यादीतून गेले. विनायकराव माझे बालमित्र. त्यांच्या सचोटीविषयी मला शंका नाही. परंतु सचोटीने लिहिलेले असत्य हे असत्यच असते.

मेळाव्याहून घरी आलो आणि पत्र्याची पेटी उघडली. तळाशी खाकी जाड कापडाचा एक पट्टा आहे. चार बोटे रुंद, दोन्ही टोकांना फास. तो नाकाशी धरला. इतक्या वर्षांनंतर त्यात वास उरलेला असणे शक्य नाही, हे मला कळते. तरीही वास आला. खोबरेल तेलाचा, खडूच्या भुकटीचा आणि ओल्या गोणपाटाचा.

त्या वासामागोमाग सगळे गिरगाव आले. तळमजल्यावरच्या छापखान्यातून येणारा शाईचा उग्र दर्प, आणि बरोबर साडेदहाला सुरू होणारी यंत्राची धडधड, जिच्यामुळे वरच्या मजल्यावरच्या फळीवरची पितळी भांडी हलकेच किणकिणत. पहाटेच्या प्रभातफेरीचा दुरून येणारा आणि वळणावर एकदम मोठा होणारा आवाज. सज्जांतून वाळत घातलेली धोतरे, त्यांच्या मधून दिसणारी आकाशाची चिंचोळी पट्टी. आमची सगळी कारकुनांची घरे. आजोबा कारकून, वडील कारकून, मीही नुकताच एका कचेरीत चिकटलेला. शिपाईगडी असे चाळीत एकच, जिन्याखालच्या खोलीत राहणारे बाबाजीराव. कोकणातले, एकटे, चाळिशीच्या अलीकडचे. पलटणीतून परत आलेले आणि जवळच्या एका शाळेत शिपाई म्हणून लागलेले.

शाळेची घंटा ते वाजवीत. इतर शाळांच्या घंटा नुसत्या बडवल्या जात. बाबाजीरावांची घंटा तालात पडे. पहिला ठोका जोरात, दुसरा हलका, तिसरा किंचित थांबून. माझी आई त्या तिसऱ्या ठोक्यावर भाताखालचा विस्तव ओढीत असे.

त्यांचा खालचा ओठ मधोमध चिरून पुन्हा जुळलेला होता आणि पुढचे चार दात नव्हते. चहा ते बशीत ओतून तोंडाच्या कोपऱ्यातून पीत. दर रविवारी सकाळी दार उघडे टाकून ते काळ्या पेटीतून क्लॅरिनेट काढीत, त्याचे तुकडे जोडीत, किल्ल्यांच्या सांध्यांना पिसाने तेलाचा थेंब लावीत. वेताची पातळ पत्ती पाण्यात भिजवून ठेवीत. मग वाद्य ओठांजवळ नेत, पण ओठांना लावीत नसत. डोळे मिटून नुसती बोटे चालवीत. किल्ल्यांचा बारीक टकटक आवाज तेवढा येई. एक संपूर्ण चीज त्या टकटकीत सुरू होई आणि संपे. ती कोणती, हे कोणाला कळत नसे.

विनू (त्या काळचे विनायकराव) आणि मी, दोघे वीस-एकवीस वर्षांचे, जिन्यावरून उतरताना हमखास थांबत असू.

“काय बँडमास्तर, आज कोणाचं लग्न?” विनू विचारी.

“तुझंच. पण नवरी पळाली रे. म्हणून मुक्यानं वाजवतोय.”

“आणि लढाईत काय वाजवलंत? जर्मन पळाले का ऐकून?”

“पळाले तर काय! तुझा आवाज असता तर हिटलरच पळाला असता.”

आम्ही हसत असू. मीही हसत असे. ते येथे लपवणार नाही. बँड म्हणजे आम्हांला लग्नाच्या वरातीतला ठाऊक, लाल डगला आणि जरीच्या झालरींचा. लढाई करणारे पुढे जातात आणि बँडवाले मागे छावणीत साहेबांच्या जेवणाला वाजवतात, असा आमचा समज. विनायकरावांचा लेख अजून त्याच जिन्यावर उभा आहे.

मग आंदोलनाचे ते दिवस आले. का आले, कोणामुळे आले, हे पुस्तकांतून पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यात मी पडत नाही. मला आठवतात ती धडाधड बंद होणारी दुकानांची दारे, फुटपाथवर सुटून पडलेल्या चपला, अश्रुधुराने झोंबणारे डोळे आणि त्यावर धरायला खिडक्या-खिडक्यांतून बायकांनी खाली टाकलेली ओली फडकी. कचेऱ्यांत कोणाचे लक्ष नव्हते. विनूचा आवाज सभेत शेवटच्या रांगेपर्यंत पोचे आणि त्याला ते ठाऊक होते.

एका संध्याकाळी मी घरी आलो तो जिन्याखाली आरडाओरडा. बाबाजीरावांनी गणपतीच्या मांडवाचे दोन वेळू आणले होते. तांदळाच्या दोन गोणपाटांच्या तळाचे कोपरे कापून त्यांतून ते वेळू ओवले होते, मधे दोन आडव्या काठ्या बांधल्या होत्या, आणि सुतळीच्या गाठी ते दातांच्या उरलेल्या बाजूने आवळीत होते. समोर विनूची आई उभी. त्यांना सगळी चाळ माई म्हणे.

“अहो बाबाजी, भरल्या चाळीत, दिवेलागणीला तिरडी बांधायला बसलात? कोण गेलंय?”

“तिरडी नाय, माई. झोळी आहे, जखमी माणसाला न्यायची. जिवंत माणसासाठी.”

“वेळू आहेत, सुतळी आहे, आणि म्हणे तिरडी नाही! माझा एकुलता एक मुलगा रोज त्या गर्दीत जातो. त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर हे नको. आत्ताच्या आत्ता उचला!”

बाबाजीराव उभे राहिले, ती वस्तू एका टोकाला उचलली आणि मला म्हणाले, “जरा धर रे दुसऱ्या टोकाला. शाळेत नेऊन ठेवू.”

शाळेच्या जिन्याखाली, मोडक्या बाकांच्या मागे आम्ही ती ठेवली. बाबाजीरावांनी मला भिंतीशी उभे केले, स्वतः शेजारी उभे राहिले आणि डोक्यावरून आडवा हात फिरवला.

“सारखी उंची. मी चाळीत दोन महिने बघत होतो. तूच बसतोस.”

“कशासाठी?”

“मागच्या टोकासाठी.”

त्या संध्याकाळपासून, शाळा सुटल्यावर, रिकाम्या अंगणात त्यांनी मला जे शिकवले ते मी नव्वदीच्या उंबरठ्यावरही विसरलेलो नाही. त्यांच्या पेटीतून दोन खाकी पट्टे निघाले. पट्टा मानेमागून दोन्ही खांद्यांवर घ्यायचा, खाली लोंबणाऱ्या फासांत दांडे अडकवायचे. म्हणजे भार खांद्यांवर येतो आणि हात केवळ तोल सांभाळतात. झोळीत त्यांनी खडूची पोती ठेवली आणि पोत्यांवर काठोकाठ पाण्याने भरलेले घमेले.

“चल.”

मी चाललो. चार पावलांत माझ्या विजारीवर पाणी.

“कदम तोड!” ते न वळता ओरडले. “पाय जुळवू नको माझ्याशी. माझा डावा, तुझा उजवा. माझा उजवा, तुझा डावा. पाय जुळले की झोळी पाळण्यासारखी झुलते. पाळण्यात पोर झोपतं. मोडक्या हाडाचा माणूस नाय झोपत, मरतो.”

शिस्तीने पाऊल जुळवायला आयुष्यभर शिकवलेल्या पायांना ते तोडायला शिकवणे किती अवघड आहे, याची कल्पना ज्याने केले त्यालाच येईल. मी आठ दिवस भिजलो. नवव्या दिवशी अंगणाला तीन फेऱ्या झाल्या आणि घमेल्यातल्या पाण्यात अंगणातल्या वडाचे प्रतिबिंब न फुटता आमच्याबरोबर चालत राहिले. बाबाजीराव हसले. चार दात नसलेले ते हसू मी तेव्हा प्रथम पाहिले.

“हे बँडवाल्यांना कशाला शिकवतात?” मी विचारले.

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की मला जिन्यावरचे माझे सगळे हसणे आठवले.

“मग कोणाला शिकवणार? लढाई सुरू झाली की वाद्यं पेटीत जातात. बाकीच्यांच्या हातात बंदूक असते, आमचे हात मोकळे. म्हणून जखमी आमच्याकडे.”

पुढचे त्यांनी एका दमात कधी सांगितले नाही. पट्टा गुंडाळताना एक वाक्य, घंटेचा दोर तपासताना दुसरे. इटलीतली एक नदी होती. तिचे नाव सांगायला ते तयार नसत. थंडीचे दिवस, घोट्यापर्यंत चिखल, तुटलेली ऑलिव्हची झाडे. पलटण पलीकडच्या तीरावर अडकलेली, आणि जखमींना अलीकडे आणायचे तर उघड्या पाण्यातून आणि वर तोफांच्या माऱ्यातून. झोळीच्या पुढच्या टोकाला बाबाजी आणि मागच्या टोकाला ढोलवाला शिवा. बंदूक दोघांकडेही नाही.

“किती खेपा केल्यात?”

“मोजत नाय कोणी. मोजायला बसलं तर पाय उचलत नाय.”

शेवटच्या खेपेला पाण्याच्या मध्यावर शिवा मागच्या टोकाला खाली बसला आणि उठला नाही. बाबाजीरावांनी पट्टा छातीभोवती घालून झोळी एकट्याने काठावर ओढली. गोळे पडू लागले तेव्हा जखमी माणसावर ते पालथे पडले, आणि उडालेला पत्र्याचा तुकडा त्याच्या छातीत जायचा तो यांच्या तोंडात गेला.

“तो वाचला?”

“इस्पितळात दिला. पुढचं काम आपलं नाय.”

“आणि शिवा?”

त्यांनी पट्ट्याचा फास सरळ केला. “शिवाचा ताल पक्का होता. पाय तोडायला त्याला फार जड गेलं. पण एकदा तोडला, की पाण्यातसुद्धा चुकला नाय.” मग म्हणाले, “दुसरा पट्टा त्याचा आहे. तू घालतोस तो.”

येथे दुसऱ्या बाजूच्या लोकांचाही समाचार घेणे भाग आहे. चाळीतली काही मंडळी मेळाव्यात बाबाजीरावांच्या बाजूने उभी राहिली आणि म्हणाली, की बाबाजींनी एकट्याने मशीनगनचे ठाणे घेतले, संगिनीने बारा जर्मन मारले. हेही खोटे. बाबाजी सकपाळांनी उभ्या लढाईत एक गोळी झाडली नाही. त्यांना शूर ठरवण्यासाठी त्यांच्या हाती बंदूक देणाऱ्यांनी त्यांचा अपमानच केला आहे.

गोळी सुटली ती भर दुपारी, शाळेजवळच्या वळणावर. फटाक्यासारखा, पण फटाक्याहून कोरडा आवाज. विनू माझ्यापुढे दोन हातांवर होता. घोषणेचा पहिला अर्धा भाग त्याच्या तोंडून निघाला, दुसरा निघाला नाही. लोक पळाले. चाळीचे आणखी कोणी तेथे असेल तर ते मला दिसले नाही. विनूची डावी मांडी भलत्याच कोनात वळली होती. मी त्याच्या काखेत हात घालून त्याला खांद्यावर घेऊ लागलो.

“हात लावू नको!”

शाळेच्या फाटकातून बाबाजीराव येत होते. पळत नव्हते, भरभर चालत होते. काखेत झोळी, एका हातात नकाशे टांगायची लांब काठी. माझा सदरा त्यांनी मला उतरवायला लावला, त्याच्या पट्ट्या फाडल्या, आणि ती काठी विनूच्या काखेपासून घोट्यापर्यंत लावून छातीशी, कमरेशी, गुडघ्याशी, घोट्याशी बांधली. विनू एकदा किंचाळला आणि बेशुद्ध झाला.

“बरं झालं,” बाबाजीराव म्हणाले. “आता पट्टा घाल. अंगण आठव. घमेलं आठव.”

इस्पितळापर्यंतचा तो रस्ता मी आयुष्यात पुढे शेकडो वेळा चाललो असेन. पण मला तो त्या एका दुपारचाच ठाऊक आहे. चपलांचा सडा, त्यांच्यावर पाय पडू न देता. अर्ध्या बंद खिडक्या. कोठेतरी न विझवलेल्या चुलीवर करपणाऱ्या दुधाचा वास. मागे दोनदा तोच कोरडा आवाज झाला आणि माझी पावले पळायला निघाली.

“कदम तोड,” बाबाजीराव पुढून शांतपणे म्हणाले. “त्यांचं काम ते करतायत. आपलं आपण करू.”

त्यांचा डावा, माझा उजवा. त्यांचा उजवा, माझा डावा. मी विनूच्या चेहऱ्याकडे पाहिले नाही. त्याच्या शर्टाच्या खिशातल्या पेनाकडे पाहत राहिलो. ते पेन खिशात उभे होते आणि इस्पितळाच्या दारापर्यंत उभेच राहिले.

डॉक्टरांनी पाय तपासला, क्ष-किरणांचा फोटो काढून घेतला आणि बाहेर आले. “मांडीचं हाड तुटलंय. सुरीसारखं टोक थेट मोठ्या रक्तवाहिनीला टेकलंय. वाटेत एक हिसका बसला असता, तर पाय गेला असता. कदाचित हाही गेला असता. कोणी आणला याला?”

माझे तोंड उघडण्याआधी बाबाजीराव म्हणाले, “पोरांनी आणला, साहेब. खांद्यावरून.”

तेवढ्यात माई धावत आल्या. पदर खांद्यावर नव्हता, पायांत काही नव्हते. झोळी दाराशी भिंतीला टेकवलेली होती. वेळू आणि सुतळीसकट. ती त्यांना दिसू नये म्हणून बाबाजीराव तिच्यापुढे उभे राहिले.

“कोणी आणलं हो माझ्या विनूला?”

“चाळीतल्या पोरांनी, माई. काळजी करू नका. पाय वाचलाय.”

बाहेर पडल्यावर मी चिडलो. “खोटं का बोललात?”

“उचलणाऱ्यानं आपलं नाव पेशंटला सांगायचं नसतं. आमच्या बँडची रीत आहे. नाव कळलं की तो जन्मभर मान खाली घालून बघतो. त्याला बरं होऊ दे. आणि त्या माउलीला कशाला कळायला हवं, कशावर घालून आणला ते? वचन दे.”

मी दिले. माईंनी ‘चाळीतल्या पोरांची’ गोष्ट मरेपर्यंत सांगितली, दर वर्षी चाळीतल्या सगळ्या पोरांना त्या दिवशी बेसनाचे लाडू वाटले. बाबाजीरावांनाही एक मिळे. तो लाडू ते तोंडाच्या कोपऱ्यातून, हळूहळू खात. म्हणजे विनायकरावांच्या लेखातले असत्य विनायकरावांचे नाही. ते बाबाजीरावांनी रचले आणि मी गप्प राहून पोसले. यासाठी मला जो दोष द्यायचा तो द्यावा.

आता ती मिरवणूक. महाराष्ट्र झाला त्या दिवशी चाळीने मंगलकलश पालखीत ठेवून मिरवला. पुढच्या दांड्याला बाबाजीराव होते. बँड वाजत होता, सगळे तालात पाऊल टाकीत होते, आणि एकटे बाबाजीराव बेताल. लोक हसले. विनू काठी टेकीत बाजूने चालत होता, तोही हसला. कलश काठोकाठ भरलेला होता, आणि बाबाजीरावांच्या बाजूला पाण्याचा थेंब सांडला नव्हता, हे कोणी पाहिले नाही. खांद्यावर काहीही आले की त्या माणसाचे पाय आपोआप तुटत.

काही वर्षांनी ते गेले. क्लॅरिनेट गावी भाच्याकडे गेले, शिवाचा पट्टा त्यांनी माझ्यासाठी ठेवला होता. त्यांना नेताना पुढच्या उजव्या बाजूला मी होतो. चाळीच्या बोळातून बाहेर पडताना मागून कोणीतरी खेकसले, “अरे, पाय जुळव ना! हलतंय सगळं!” मी जुळवले नाहीत. सोनापूरच्या स्मशानापर्यंत जुळवले नाहीत.

पट्टा समोर आहे. तो पुरावा म्हणून मी शिळेवरची नावे ठरवणाऱ्या समितीपुढे ठेवणार नाही. कापडाचा तुकडा कोणाकडेही असू शकतो, असे उत्तर येईल. माझा शब्दही ठेवत नाही. म्हाताऱ्याच्या स्मरणावर कोणी विसंबू नये, असे विनायकरावांनीच प्रस्तावनेत लिहिले आहे. वचन मोडल्याबद्दल बाबाजीरावांची क्षमा मागतो आणि एकच गोष्ट नोंदवतो. ती खांद्यावरून नेलेल्या माणसाच्या बाबतीत घडू शकत नाही, हे कोणत्याही हाडांच्या डॉक्टरांना विचारून घ्यावे.

विनायकरावांचा डावा पाय आजही त्यांचाच आहे. मेळाव्यात व्यासपीठावर तो लेख त्यांनी त्याच पायावर उभे राहून वाचला.